मुदत नसलेला विटाळ

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात ॲलोपॅथीची एकही गोळी घेतली नव्हती, आणि हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगत. पोट बिघडलं तर लंघन, मग सुंठ-साखर, मग मऊ भात. ताप आला तर काढा. म्हणूनच ती डॉक्टर मुलगी आमच्या सोसायटीत आली तेव्हा मी तिला थेट आमच्याच घरी नेलं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आम्ही इंदिरानगरात राहायला येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. सोसायटीची सेक्रेटरी मी होते. टाकी कधी धुवायची, जिन्यातले दिवे कुणाकडून बदलून घ्यायचे, कुणाकडे काय गळतंय, या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असत, त्यामुळे कुणीही काहीही विचारायला आलं की वॉचमन त्याला माझ्याकडे पाठवी. ही मुलगी पंचविशीची, पाठीला सॅक, हातात थर्माकोलचा डबा. एका वैद्यकीय महाविद्यालयात ती पुढचं शिकत होती.

"काकू, सांगायला अवघड वाटतं, पण ऐकून घ्या," ती म्हणाली, आणि मग एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. तिला निरोगी माणसांच्या शौचाची तपासणी करायची होती. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात जंतू असतात, बरेचसे कामाचेच असतात. पण त्यांतल्या काहींवर आता अँटिबायोटिक औषधं चालेनाशी झाली आहेत. दवाखान्यातल्या आजारी माणसांत असे जंतू सापडतात हे माहीत होतं. घरोघरच्या धडधाकट माणसांत ते कितपत पसरलेत, हे तिला पाहायचं होतं. आणि तिला खास असं माणूस हवं होतं, ज्यानं अँटिबायोटिक कधीच घेतलेलं नाही.

"असं माणूस मिळतच नाही हो. साध्या सर्दीला खातात लोक."

"मिळेल," मी म्हटलं. "दुसरा मजला."

मामंजींनी आधी तिला गाव विचारलं. त्यांचा तो पिढीजात प्रश्न. त्यांचं घराणं पंचवटीतलं, यात्रेकरूंचे उपाध्ये. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून माणसं येत आणि मामंजी त्यांना गंगेवर नेऊन विधी सांगत. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"नामपूर," ती म्हणाली. "सटाण्याकडचं."

"म्हणजे कांदेवाली."

"हो आजोबा. पण मला तुमच्याकडून कांदा नकोय."

काय हवंय ते तिनं सांगितलं. मला वाटलं होतं, ते उठून आत जातील. ते खुशीत आले. "घे तपासून," म्हणाले. "या पोटात बाहेरचं काही सापडलं तर नाव बदलीन."

त्यांचा हा अभिमान समजायचा तर त्यांचं सोवळं समजायला हवं. सकाळी अंघोळ झाली की दोरीवरचं सोवळं काठीनं काढायचं, ते नेसून नैवेद्याचा स्वयंपाक स्वतः करायचा. वरण, भात, एक भाजी. तेवढा वेळ ओट्याला कुणी शिवायचं नाही. मी त्याआधीच माझा आणि नवऱ्याचा डबा करून मोकळी झालेली असे. नवरा अंबडच्या कारखान्यात, मी सरकारी कार्यालयात. एक ओटा, दोन स्वयंपाक, आणि वेळापत्रक पक्कं. दुपारी आमची चार वर्षांची मुलगी बालवाडीतून आली की मामंजी तोच नैवेद्याचा भात कालवून तिला भरवत. घासांना नावं असत. हा उज्जैनचा, हा सुरतेचा, हा लांबचा पार काशीचा. ज्या ज्या गावची माणसं त्यांच्याकडे येऊन गेली, त्या त्या गावचा एक घास. मुलगी नकाशा शिकण्याआधी तो जेवली होती.

सोवळ्याशी माझं वैर होतं, तेही सांगायला हवं. नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन पंचवटीतल्या घरात आले तेव्हा महिन्याचे चार दिवस मला मागच्या खोलीत बसावं लागे. सासूबाई होत्या तोवर ते चाललं. त्या गेल्यावर आम्ही इंदिरानगरात आलो आणि पहिल्याच महिन्यात मी कुणाला न सांगता सगळे दिवस ओट्यापाशी उभी राहिले. मामंजींना कळलं असणारच. त्यांनी आपलं सोवळ्यातलं आटपलं आणि गॅलरीत जाऊन बसले. त्यानंतर ते विचारत नसत, मी सांगत नसे. चांगलं चाललं होतं.

तर त्या डॉक्टर मुलीनं नमुन्यासाठी दिलेली ती बाटली. झाकणालाच चिमुकला चमचा असलेली. मामंजींनी मला विचारलं, हे अंघोळीच्या आधी की नंतर? मी म्हटलं, आधी, म्हणजे एकाच अंघोळीत भागेल. त्यांना ते पटलं. मग प्रश्न आला, डॉक्टर येईपर्यंत बाटली ठेवायची कुठे. तिनंच फ्रिज सुचवला होता.

"फ्रिजमध्ये? नैवेद्याच्या दह्याशेजारी?"

"मग काय देवघरात ठेवू?" नवरा ब्रश करता करता म्हणाला.

शेवटी दोन पिशव्यांत गुंडाळून ती गॅलरीच्या ग्रीलला बाहेरच्या बाजूनं टांगली. मामंजी अंघोळ करून आले, तिच्याकडे पाठ करून सूर्याला अर्घ्य दिलं. डॉक्टर मुलगी उजाडता उजाडता स्कूटीवर आली, बर्फाच्या डब्यात बाटली घातली आणि गेली.

काही आठवड्यांनी एका रविवारी ती परत आली. चहा झाला. मग तिनं कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं.

"आजोबा, तुमच्या पोटातही आहेत ते."

"मी तर कधी..."

"माहीत आहे. म्हणूनच मला तुम्ही हवे होतात. औषधं खाणाऱ्यांच्या पोटात ते वाढतात, आणि मग पाण्यातून, भाजीतून, हातांतून फिरत फिरत न खाणाऱ्यांकडेही येतात. हा आजार नाही. तुम्हाला काही होतंय का? नाही ना? फक्त उद्या लघवीचा संसर्ग झाला किंवा ऑपरेशन करायचं ठरलं, तर डॉक्टरांना हे आधी सांगायचं. नेहमीची औषधं लागू पडणार नाहीत."

मी त्यांच्या फाईलवर पहिल्या पानावर ते लाल शाईनं लिहिलं. नवऱ्याला वेगळंच सुचलं. "एखादा जोरदार कोर्स देऊन एकदाचं साफ नाही का करता येणार?"

"दादा, तसं करून करूनच तर ते वाढलेत."

मामंजींनी एकच विचारलं. "माझ्याकडून दुसऱ्याला जातात?"

डॉक्टर मुलगी खोटं बोलली नाही. "जाऊ शकतात. हात नीट धुतले नाहीत तर."

घरातून निघणाऱ्याच्या हातावर मामंजी नेहमी स्वतः प्रसाद ठेवत. त्या दिवशी ते म्हणाले, "सूनबाई, तू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगितलं, "नैवेद्याचं उद्यापासून तू बघ. मला होत नाही आता. मी खडीसाखर दाखवीन." मला वाटलं, वय झालं. मी घड्याळाचा गजर अर्धा तास आधीचा लावला, कुकरला एक डबा वाढवला, विषय संपवला. दुपारी मुलीला भरवायला त्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं होतं, हे मला संध्याकाळी काकूंकडून कळलं. "खातच नाही हो पोर," काकू म्हणाल्या. "मला म्हणते, तुला सुरतेचा येतो का? मी म्हटलं, कसला सुरतेचा?"

मग एकेक दिसू लागलं. त्यांचं ताट वेगळं, वाटी वेगळी, ती घासून गॅलरीच्या कट्ट्यावर पालथी घातलेली. पाण्याचा तांब्या वेगळा. जेवायला गॅलरीतच, आमच्याकडे पाठ करून. आणि एका संध्याकाळी मी चपला काढत असताना मुलगी त्यांच्याकडे धावत गेली. त्यांनी दोन्ही हात वर केले, कुणी पिस्तूल रोखावं तसे, आणि म्हणाले, "शिवू नकोस मला."

ते शब्द मी ओळखले. मी पर्स तशीच हातात घेऊन उभी राहिले. थकवा नव्हता हा. ते बाजूला बसले होते.

मुलगी रडली नाही. तिथंच दोन हात अंतरावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मग मी इथून बघते तुला."

मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. प्रत्येक बेसिनवर साबण. पिण्याचं पाणी उकळून. रविवारी सगळ्यांची नखं. कोथिंबीर-पालक तीनदा धुवून. हे सगळं मामंजींना दाखवलं आणि म्हटलं, "डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय. एवढं केलं की झालं."

"ते बाहेरचं झालं," ते म्हणाले. "हे आतलं आहे."

मी डॉक्टर मुलीला फोन केला. ती आली तेव्हा मामंजींनी प्रश्न तयार ठेवला होता.

"किती दिवसांनी फिटतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की सुतक दहा दिवसांनी फिटतं, ग्रहणाचा वेध मोक्ष झाला की सुटतो, बायकांचे चार दिवस असतात. त्यांना याची मुदत हवी आहे.

ती हसली असती तर मला आवडलं नसतं. ती विचार करत राहिली. "मुदत नाही सांगता येत, आजोबा. काहींच्या पोटातून महिन्या-दोन महिन्यांत जातात. काहींच्या वर्ष वर्ष राहतात. जाऊन परत येतात. पाणी तेच, भाजी तीच, माणसं तीच."

"आणि प्रायश्चित्त?"

"साबण."

मामंजी हसले नाहीत. तिनं वहीतलं पान उलटलं. "पाणी कुठलं पिता तुम्ही?"

"नळाचं. आणि सकाळी तीर्थ घेतो, पळीभर. गंगेचं."

तिचं पेन थांबलं. मग मामंजीच म्हणाले, "अख्खा देश येतो तिथं. चुळा भरतो, डुबकी मारतो. मारा, असं मीच सांगितलं सगळ्यांना."

"तिथूनच आले असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. कोंबडीतून येतात, गटारातून येतात, आमच्या दवाखान्यांतूनही येतात."

"आम्ही कोंबडी खात नाही."

"कोथिंबीर खाता ना?"

ती निघाली तेव्हा ते दारापर्यंत गेले, पण दोन पावलं मागे थांबून. "या पोरीचंही तपास," म्हणाले. "आणि हिचं, माझ्या मुलाचं. ही पोर स्वच्छ निघाली की मी बसतो असा. मला काही अडचण नाही."

तेव्हा मला कळलं, की ते स्वतःला शिक्षा करत नव्हते. नातीसाठी ते जागा सोडून बसले होते, आणि असंच शेवटपर्यंत बसायची त्यांची तयारी होती. ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीचा शेवट कुठल्या दिवशी, कुठल्या प्रहरी, हे तोंडपाठ, तो शेवट नसलेली गोष्ट मान्य करून गप्प बसला होता. आणि नात रोज अर्धी पोळी खाऊन उठत होती.

पुन्हा बाटल्या आल्या. या खेपेला तीन. ग्रीलला टांगताना नवरा म्हणाला, "दिवाळीचे आकाशकंदील."

अहवालाची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत एका संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे घडी करत होते. मामंजी कोपऱ्यातल्या त्यांच्या स्टुलावर. ते म्हणाले,

"सूनबाई, पंचवटीत तू त्या मागच्या खोलीत बसायचीस. चार दिवस."

"हो."

"काय वाटायचं गं तेव्हा?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईनंसुद्धा नाही, कारण तीही तशीच बसली होती. मी नवऱ्याच्या शर्टाची घडी पुरी केली.

"राग यायचा," मी म्हटलं. "आणि भूक लागायची."

"भूक?"

"सगळ्यांचं झाल्यावर सासूबाई ताट सरकवायच्या. तोवर आमटी संपलेली असायची. मागायची लाज वाटायची."

"मला माहीत नव्हतं आमटी संपायची."

"तुम्ही पहिल्या पंगतीला असायचात."

त्यांनी मान हलवली. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या बादलीचा आवाज येत राहिला. "मुदत असूनही एवढं," ते शेवटी म्हणाले, मला नाही, समोरच्या ग्रीलला. ज्यांच्या विटाळाला या देशानं पिढ्यान्‌पिढ्या मुदतच दिली नाही, अशी माणसं त्या वेळी त्यांच्या मनात आली का, मला ठाऊक नाही. माझ्या आली. उठताना मी त्यांचा तांब्या उचलला, आत नेला आणि आमच्या तांब्यांमध्ये ठेवला. त्यांनी पाहिलं. मला वाटलं, परत आणायला लावतील. नाही लावला.

फोन आला तो शनिवारी दुपारी. आम्ही सगळे घरी होतो. मी ऐकलं, आभार मानले, रिसीव्हर ठेवला. मामंजी गॅलरीच्या उंबरठ्याशी येऊन उभे होते.

"माझ्या पोटात आहेत," मी सांगितलं. "हिच्याही. तुमच्या मुलाच्या नाहीत."

"हा रोज बाहेर मिसळ खात हिंडतो, आणि याच्या नाहीत?"

"नाहीत."

"काय न्याय आहे!" आणि मामंजी हसले. किती आठवड्यांनी हसले म्हणून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नवरा म्हणाला, "तर्री, बाबा. तर्रीत सगळं मरतं." मी म्हटलं, "तसं काही नसतं, आणि हे ऑफिसात सांगत फिरू नकोस."

मग मामंजींचं हसू ओसरलं. मुलगी जमिनीवर बसून डब्यांवर डबे रचत होती. ते तिच्याकडे पाहत होते.

"म्हणजे आता हिला बाजूला बसवायची," ते म्हणाले.

नवरा बोलायला गेला, त्याला मी डोळ्यांनी थांबवलं. हा निकाल आमच्यापैकी कुणी देऊन चालला नसता. त्यांना तो त्यांच्या नियमांच्या आतच सापडायला हवा होता. बाहेरून आणून दिलेली सूट त्यांनी कधी घेतली नव्हती.

ते उंबरठ्यावरच टेकले. ओठ हलत होते, काहीतरी आठवत असल्यासारखे. मग म्हणाले, "यात्रेत शिवाशिव नसते. लग्नात नसते. देशावर अरिष्ट आलं तर नसते. तेव्हा कोण कुणाला शिवलं ते मोजायचं नाही, असं आमच्यात सांगतात. सिंहस्थात आम्ही बघतो का, कुणाचा धक्का कुणाला लागला?"

"नाही."

"हे अरिष्टच म्हणायचं. सगळ्या देशाचं."

"अरिष्ट म्हणा," मी म्हटलं, "पण हात धुवा."

तीर्थाचा प्रश्न पुढे पुष्कळ दिवस चालला. मी एकदा त्यांच्या कलशातलं पाणी गॅसवर ठेवलेलं त्यांनी पाहिलं आणि "गंगा उकळतेस?" म्हणून तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. मग आपणच येऊन विचारलं, उकळून गार झाल्यावर तांब्याच्याच भांड्यात ठेवलं तर चालेल का. मी चालेल म्हटलं. "उकळली तरी गंगाच," त्यांनी स्वतःला सांगितलं. पण तो पुढचा भाग.

त्या शनिवारी ते उठून बेसिनपाशी गेले. साबण घेतला. डॉक्टर मुलीनं दाखवलं होतं तसं बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, मनगटापर्यंत, आणि तिनं सांगितलं नव्हतं तरी कोपरापर्यंत. किती वेळ चोळायचं याचं माप त्यांनी आपलं आपण ठरवलं. संध्येतली चोवीस नावं संपेपर्यंत. केशवाय, नारायणाय, माधवाय, आणि फेस पांढरा होत होता. नळ बंद केला तो कोपरानं.

मी भात वाढला, वर वरण, वर तूप. ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, क्षणभर धरून ठेवलं, मग जमिनीवर मांडी घातली. मुलगी डब्यांचा मनोरा तसाच टाकून आली आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली, इतकी सहज, की मधले दिवस तिनं मोजलेच नसावेत. भात कालवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पहिला घास तिच्या तोंडाशी नेला आणि तिनं नाक मुरडलं.

"आजोबा, तुझ्या हाताला साबणाचा वास येतोय."

"येऊ दे," मामंजी म्हणाले. "आ कर."